तीनदा लावलेला कौल

देवावर माझा विश्वास आहे, पण तपासून घेतलेला. अठरा वर्षं पतसंस्थेत लोकांची कागदपत्रं तपासली की असं होतं. निपाणीहून रोज बेळगावला जाऊन दहा दिवसांचं ट्रेनिंग पुरं केलं, तर शाखाप्रमुखाची जागा मिळणार होती. एक दिवस चुकला तर नाव कमी. घरी आईची उजवी बाजू अर्धांगानं गेलेली, नवऱ्याची नोकरी फिरतीची. मी नकाराचं पत्र लिहून ठेवलं आणि दोष देवीवर ढकलावा म्हणून लक्ष्मीच्या देवळात कौल लावायला गेले. मूर्तीला ओल्या पाकळ्या चिकटवतात; उजवी आधी पडली तर जायचं, डावी पडली तर नाही.

उजवी पडली. मी म्हटलं, पुन्हा लावा. पुन्हा उजवी. तिसऱ्यांदाही उजवीच.

"बाई, देवीला किती येळा इचारायचं?" गुरव वैतागला.

"उजवी पाकळी जड असंल हो," मी म्हटलं.

मागं बसून माझं गाऱ्हाणं ऐकलेली एक बाई खुदकन हसली. "जावा की. मी बसतो म्हातारीजवळ. घरात इड्या वळतो, त्या तुमच्यात वळीन."

ना ओळख, ना पाळख. बदल्यात काय, तर दुपारचा चहा! मी कपाटाला कुलूप घातलं, शिवाय फटीत एक केस अडकवला. तीन दिवस केस जागच्या जागी. संशय आणखी वाढला: बाई भलतीच हुशार दिसते. चौथ्या दिवशी वाटेत संकेश्वरलाच बसमधून उतरले आणि उलट्या गाडीनं घरी आले, चोर पकडायला.

आठ महिने न बसलेली आई भिंतीला टेकून बसली होती, मांडीवर विडीच्या पानांचं सूप. जन्मभर विड्या वळून तिनं मला शिकवलं. आता डाव्या हातानं, तंबाखूशिवाय, नुसतं पान गुंडाळत होती. पान सुटलं.

"आक्का, मला गंडीवताय व्हय? परत वळा!" बाई तिला दटावत होती.

आई वाकड्या तोंडानं हसली. मग मी दिसले. तिनं पान सोडलं, मान टाकली आणि रडू लागली.

"बगा," बाई म्हणाली, "तुमी नसला की लई गुणाची हाय. जावा, गाडी गावंल अजून."

गेले. उशिराचा शेरा बसला, पण नाव राहिलं. बसमध्ये मात्र एवढी रडले की शेजारच्या आजींनी कन्नडमध्ये विचारलं, कोण गेलं? काय सांगणार? माझ्यावाचून आईचं चालत नाही, हा माझा समज गेला होता. देवीनं तो फार अलगद नेला.

आजही जेवताना, मी भरवावं म्हणून आई रडायला लागली की मी वाटी तिच्या डाव्या हाताशी ठेवते आणि स्वयंपाकघरात जाऊन हात जोडून उभी राहते. डोकावून बघायचं नाही, एवढीच माझी भक्ती. तीही रोज जमतेच असं नाही.