दंडावरची पट्टी

घड्याळवाल्याची शेजारच्या शिंपीकाकांशी ओळख किती, तर दोन दुकानांमधल्या भिंतीएवढी. मशीनची खडखड ऐकू यायची, मनातलं काही नाही.

शत्रूचं सैन्य पुलापलीकडे येऊन ठेपलं, त्या सकाळी गल्ली काकांच्या दुकानात जमली. काकांचा मेहुणा वकील. तो म्हणाला, "गाव ताब्यात जाईपर्यंत साध्या माणसालाही लढायचा हक्क आहे. मात्र हत्यार उघड हवं आणि दंडावर पट्टी. मग पकडलं तरी युद्धकैदी. नाहीतर गुन्हेगार म्हणून भिंतीशी उभं करून गोळ्या घालतील."

"आणि गाव ताब्यात गेल्यावर?" खाटकानं विचारलं.

"मग घरी बसायचं."

काकांचा मुलगा शिकारीची बंदूक घेऊन पुढे सरसावला. "बाबा, पहिली पट्टी माझी."

काकांनी टेप काढली. "हात वर कर."

"पट्टीला कसलं माप?"

"सैल झाली की कोपरावर उतरेल. कायदा दंडावर आहे."

सगळे हसले. मग काकांनी कापड भिजत घातलं.

"हे काय आणखी?"

"नवं कापड आटतं, बाळा."

"अहो, फाडा आणि बांधा!" खाटक ओरडला.

"धांदोटी चालायची नाही," वकील म्हणाला. "लांबून ओळखू आली पाहिजे."

कापड वाळलं, इस्त्री झाली. काका पहिल्या पट्टीची कड दुमडत होते, तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी रणगाडा येऊन उभा राहिला. वकिलानं घसा खाकरला. "आता बेकायदेशीर." खाटकानं सुरा फडक्यात गुंडाळला. मुलानं बंदूक बापाच्या पायाशी टाकली आणि बापाशी बोलणंही. काकांनी बंदुकीवर अस्तराचा ढीग लोटला.

पलीकडची गल्ली पट्ट्यांशिवायच लढली. तिथे आता घरोघरी हार घातलेल्या तसबिरी आहेत. युद्ध संपल्यावर वकिलानं पुस्तकं पुन्हा चाळली, तेव्हा कळलं, की ऐनवेळी उठणाऱ्यांना पट्टी लागतच नाही. हत्यार उघड असलं आणि युद्धाचे नियम पाळले, की झालं. तोवर काकांना 'सेनापती' हे नाव कायमचं चिकटलं होतं. काका त्या नावाला ओ देत.

काकांनी मुद्दाम वेळ काढला, की हात मुळातच चेंगट? प्रश्न कितीदा घड्याळवाल्याच्या ओठांवर आला आणि तिथेच राहिला. काकांनी दुकान कायमचं बंद केलं, त्या शेवटच्या संध्याकाळी तो एवढंच म्हणाला, "मुलगा येतो का हल्ली?"

"येतो, पोरांना घेऊन. फार दंगा करतात हो."

"करू द्या."

"करू देतोच की."