काकूंच्या कुंडीतला उंचवटा

सदाशिव पेठेत मी ज्या काकूंकडे खोली घेऊन राहते, त्यांना अकरा वर्षांपूर्वी कॅन्सर झाला होता. डावा स्तन काढून त्या जागी सिलिकॉनचं इम्प्लांट बसवलं होतं. मला हे कळलं गेल्या वर्षी. ते आतल्या आत फाटलं होतं आणि भोवती पाणी साठलं होतं. जुनं काढून नवं बसवायचं ठरलं. भोवतालच्या आवरणाचा तुकडा तपासायला जाणार होता. आजार परत आलाय का, ते त्यावरून कळणार होतं.

"मुलाला सांगू नकोस," काकू म्हणाल्या. "खराडीहून इथे पोचेपर्यंत तो गूगलवर माझं वर्षश्राद्ध उरकेल."

हॉस्पिटलच्या फॉर्मवर नात्याच्या रकान्यात मी 'पुतणी' लिहिलं. काकूंनीच तसं सांगितलं होतं.

ऑपरेशननंतर सिस्टरनी विचारलं, "जुनं टाकून द्यायचं ना?" मी चटकन नाही म्हणाले. आमच्या गावी, यवतमाळकडे, अंगातून निघालेलं काहीही असो, नाळ असो की पडलेला दात, घरच्या मातीत पुरतात. मला वाटलं, सगळेच पुरत असतील. सही करून मी ते सीलबंद पिशवीत घरी आणलं.

"अगं, मी मेले नाहीये अजून!" काकू म्हणाल्या. मग जरा वेळाने, "आणलंयस तर राहू दे."

रिपोर्टला आठ दिवस होते. काकू रोज दुपारी ती पिशवी मागायच्या आणि मांडीवर घेऊन बसायच्या. अंगठ्याने दाबलं की खळगा पडायचा, मग सावकाश भरून यायचा.

"नवं गार लागतं गं. हे बघ, अजून ऊबदार आहे."

मी हातात घेतलं. खरंच ऊबदार होतं. आणि आत ठोके पडत होते. माझ्याच बोटांची नाडी असणार, असं मी मनाला सांगितलं. मी बायोलॉजी शिकते. पण माझे ठोके तेव्हा इतके संथ नव्हते.

"याला ठाऊक असणार," काकू हळूच म्हणाल्या. "अकरा वर्षं तिथेच होतं. परत काय आलं, काय नाही, याने बघितलंय. आपल्याला सांगत नाही, एवढंच."

आठव्या दिवशी रिपोर्ट मोबाइलवर आला. मी उघडणार, तेवढ्यात काकूंनी माझं मनगट धरलं. "आधी ते पुर. त्याच्यासमोर नको वाचूस."

गॅलरीतल्या, नुसतीच माती भरलेल्या मोठ्या कुंडीत मी ते पुरलं, हात धुतले आणि वाचलं. आजार परत आलेला नव्हता. काकूंनी मला तेच दोनदा वाचायला लावलं. "चहा टाक," त्या म्हणाल्या, आणि तोंड फिरवून बसल्या.

सिलिकॉन कुजत नाही, हे मला तेव्हाही माहीत होतं. काकू आता बऱ्या आहेत. बाकीच्या कुंड्यांतली माती खाली बसलीये. या एका कुंडीत मधोमध तळहाताएवढा उंचवटा आहे. पाणी घालताना मी कधी कधी तो दाबून बसवते. माती खाली जाते, मग सावकाश वर येते.