शिरूडची गाडी आणि इंगे आजी

मी जर्मनीला निघाले त्या सकाळी आपली चाळीसगावची गाडी शिरूडला एका मिनिटाऐवजी चांगली तीन मिनिटं उभी होती. तुम्हा रोजच्या गाडीवाल्यांना आठवत असेलच, कारण थांबवली तुम्हीच. भरिताचा डबा घरी राहिला म्हणून आई परत पळाली होती. "थांबा, माय येई राहिनी," असं तुम्ही खिडक्यांतून गार्डला सांगितलंत आणि तोही झेंडा काखेत मारून उभा राहिला. माझे वडील, आबा, मात्र फलाटावर एकच वाक्य घोळवत होते, "करमनं नही ते परत ये."

इथे म्युनिकजवळच्या हॉस्पिटलात मी रोज एस-बानने, म्हणजे इथल्या लोकलने, बावीस मिनिटं जाते. ही गाडी कुणासाठी थांबत नाही, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. पहिल्याच महिन्यात एक म्हातारी धावत येताना दिसली आणि मी सवयीने दारात पाय रोवला. दार मिटेना, गाडी हलेना, ड्रायव्हर स्पीकरवरून ओरडला. त्या होत्या इंगे आजी; आत आल्या आणि आभार मानायचे सोडून मलाच झापायला लागल्या. मी माफी मागितली, तर त्या माफीतही व्याकरणाच्या दोन चुका काढल्या.

तेव्हा मी भाषेच्या परीक्षेत एकदा नापास झाले होते. पास झाले तर पक्की नर्स, पुन्हा नापास झाले तर सरळ बॅग भरायची. फोनवर हे ऐकून, मी परत येईन या आशेने, आबांचा आवाज जरा जास्तच खुलला आणि मला रागच आला. आजींना कळलं तेव्हापासून त्या माझ्या शेजारी बसून रोज बावीस मिनिटं उलटतपासणी घेऊ लागल्या. गाडीचा सगळा डबा ऐकायचा, आणि रात्री फोनवर आबाही त्यांच्याबद्दल ऐकायचे.

निकाल मोबाईलवर गाडीतच आला. पास. मी तिथूनच आबांना फोन लावला, तोही शिरूडच्या आवाजात, सगळ्या डब्याला ऐकू जाईल असा.

"मंग आते तू येशी नही," ते म्हणाले. मग तेच म्हणाले, "त्या म्हातारीले फोन दे."

मी स्पीकर लावला. "मनी पोरले सांभाळज्यात," आबा म्हणाले. आजींनी जर्मनमध्ये ठणकावून सांगितलं की हिची क्रियापदं अजून कच्ची आहेत.

"बरं, बरं," आबा समाधानाने म्हणाले.

दोघांनाही एकमेकांचं अक्षरही कळलं नव्हतं. मी मध्ये पडले नाही. माझी दोन्ही घरं एकमेकांशी बोलत होती आणि माझं उतरायचं स्टेशन मागे पडलं होतं.