अविधवा नवमीचे दुसरे ताट

सवाष्ण गेलेल्या बाईचे श्राद्ध आमच्याकडे अविधवा नवमीला होते. यंदाही सूनबाईने सारे यथासांग केले: खीर, वडे, आंबील, सवाष्णीची ओटी. माझ्या पत्नीच्या आवडीचे मात्र त्या ताटात काहीच नव्हते, आणि असूही शकत नव्हते. तिचे माहेर समुद्रकाठचे. डोणगावच्या आमच्या घरात आल्यापासून ती मासळी शिजवायची ती परसात, वेगळ्या चुलीवर, वेगळ्या भांड्यांत. श्राद्धाच्या पानावर मासा वाढा, असे मी कोणत्या तोंडाने सांगणार?

म्हणून दुसऱ्या दिवशी मी मेहकरला, समुद्राची मासळी देणाऱ्या एका नव्या हॉटेलात गेलो. पितृपक्षामुळे तिथे चिटपाखरू नव्हते. तरीही मोबाइलमध्ये डोके घालून बसलेल्या वाढप्यांपैकी एकाने उठावे म्हणून मला वारंवार हाका माराव्या लागल्या. मी दोन ताटे सांगितली.

"दुसरं कोन येऊन राह्यलं, काका?"

"कोणी का येईना. दोन सांगितली, दोन आणा."

बऱ्याच वेळाने ताट आले. एकच. गेलेल्या माणसाला वाढल्याशिवाय आपण घास उचलत नाही. मी हात आवरून बसलो. तळलेली सुरमई निवत चालली. आमटीला तिरफळाचा वास होता. आमच्या परसात तो वास आता येत नाही.

"दुसरे ताट?"

"सुरमई संपली ना काका. तुमी करा सुरू."

"हे आधी सांगायला काय झाले होते? ग्राहकाला माहितीचा हक्क आहे. कायदा आहे तसा!"

"हाव ना," म्हणत तो वळला आणि सोबत्याला म्हणाला, "एकटा मानूस अन् दोन ताटं! बुढा लय भुकेला हाये बे."

मी संतापून तक्रारवही मागितली. नगरपालिका असो की वीज कंपनी, लेखी जाब विचारल्याशिवाय मी कोणालाही सोडलेले नाही. वही येईपर्यंत मजकूर मनात जुळवू लागलो: सेवेतील त्रुटीमुळे उपाशी राहिलेल्या व्यक्तीचे नाव... तिथे अडलो.

वहीही आली नाही. मग मी ताट समोरच्या रिकाम्या खुर्चीपुढे सरकवले, थोडा थांबलो, आणि उठून त्या खुर्चीशेजारी जाऊन बसलो. त्याच ताटातली अर्धी सुरमई खाल्ली. उत्तम होती, हे मान्य न करणे अन्यायाचे ठरेल. आमटीत मीठ कमी की आंबट, हे तिने पहिल्या घासाला सांगितले असते. मला ते कधीच कळले नाही.

वाढपी ताट उचलायला आला. "झालं का काका?"

"नाही," मी म्हणालो. "जेवण चालू आहे."