भिंतीवरचं गाव

मार्चअखेर आली की आमच्या गावच्या जिल्हा परिषद शाळेला रंगाचा वास येतो. वर्षभर वाट पाहायला लावणारं सरकारी अनुदान नेमकं याच दिवसांत येतं, आणि महिना संपायच्या आत खर्च झालं नाही तर आल्या पावली परत जातं. त्यामुळे परीक्षा आणि रंगकाम एकदमच चालतं. पोरं ओल्या भिंतीपासून अंग चोरून पेपर लिहितात, तरी भिंतीवरच्या नकाशातला थोडा अरबी समुद्र कुणाच्या ना कुणाच्या शर्टावरून घरी जातोच.

काल सहज डोकावलो. पेंटरकाका महाराष्ट्राचा नकाशा संपवून ब्रश धूत होते. दुसरीतल्या एका मुलीनं विचारलं, "काका, आपलं गाव कुठाय?"

"यात फक्त मोठी शहरं असतात गं."

ती काही हलेना. काकांनी मुख्याध्यापिका बाईंकडे पाहिलं. बाई म्हणाल्या, "लाल रंग उरलाय ना डब्यात? मग द्या की एक ठिपका! तो तरी कशाला परत पाठवायचा?"

काकांनी ठिपका दिला. "एवढुसाच?" पोरं ओरडली. मग तो वाढत वाढत चांगला बत्ताशाएवढा झाला.

तिकडे मुंबईत अर्थसंकल्प मांडतात, तेव्हा त्यात आमची शाळा कुठे असते, हे मला चष्मा लावूनही कधी सापडलेलं नाही. इथं भिंतीवर मात्र सगळं पार रस्त्यावरून दिसतं. मुंबई मुगाएवढी आहे, आणि आमचं गाव बत्ताशाएवढं.