दोन बोटं उंच काठी

मामांस,
काठी दोन बोटं कापून आणतो म्हणून घेऊन गेलात, त्याला तीन वर्षं झाली. सुताराचं दुकान दवाखान्याच्या फाटकासमोर आहे. मी रागावलेले नाही, पण विसरलेलेही नाही.

एवढं लिहून बाई थांबल्या. मामांच्या निवृत्तीसाठी पेशंटांनी चार ओळी लिहून द्यायच्या होत्या. कॉलेजात पस्तीस वर्षं गणित शिकवलं, तरी हा माणूस चार ओळींत कसा बसवायचा ते बाईंना सुटेना.

मामा व्यायाम विभागातले मदतनीस. पेशंटांना उचलायचं, उभं करायचं, चालवायचं. डॉक्टर हाडांचे फोटो बघत, मामा चाल बघत. स्ट्रेचरवरच्या आजींचा पाय आखूड आणि पाऊल बाहेर कललेलं दिसलं, की हळूच म्हणत, यांना उठवू नका, खुब्यात मोडलंय.

बाई तिथे गेल्या त्या गुडघ्याची तक्रार घेऊन. सहा महिने तो शेकला होता, चोळला होता, पट्ट्यात आवळला होता. मामांनी त्यांना दारापासून टेबलापर्यंत चालताना पाहिलं, उताणं झोपवलं, पाय दुमडून मांडी अलगद आत वळवली. जांघेत अशी कळ आली की बाईंनी त्यांचं मनगटच धरलं.

"गुडघा बिचारा निर्दोष आहे, बाई. झिजलाय खुबा, आणि मार खातोय गुडघा."

फोटोत तेच निघालं. मग धडे सुरू झाले. काठी दुखऱ्या बाजूला नाही, दुसऱ्या हातात धरायची. मूठ मनगटाच्या रेघेशी यायला हवी. बाईंची काठी दोन बोटं उंच होती. आरशासमोर एका पायावर उभं राहायचं. त्या पायाचा खुबा कमजोर असला, तर कंबर दुसऱ्या बाजूला खाली जाते. बाईंनी हे प्रमेयासारखं पाठ केलं.

आणि एकदा पेशंटला खुर्चीत बसवून मामा वळले, तेव्हा आरशात त्यांचीच कंबर ढळताना बाईंना दिसली. दर पावलाला. डाव्या पायावर उभे राहा, बाईंनी फर्मावलं. मामांनी आधी हसण्यावारी नेलं, मग बुटाला दोष दिला, शेवटी उभे राहिले. उजवी बाजू खाली गेली.

"दोन वर्षं झाली दुखतंय. कुणाला सांगू नका, बाई. मला केसपेपरच्या खिडकीत बसवतील. तिथून माणसाचं नुसतं तोंड दिसतं."

दोन वर्षं दुखणं लपवून हा गृहस्थ माणसं उचलत होता, आणि वर, दुखणं अंगावर काढून उशिरा येणाऱ्या पेशंटांवर डाफरत होता. बाईंचा पारा चढला. आपली काठी त्यांनी मामांच्या उजव्या हाताशी उभी केली. मूठ बरोबर मनगटाच्या रेघेशी आली.

ही सुताराकडे न्या, दोन बोटं कापून आणा, बाई म्हणाल्या. आणि जाताना टेकत जा.

दुसऱ्या दिवशी मामा काठी टेकतच विभागात आले. डॉक्टरांनी फोटो काढला, चांगलं फैलावर घेतलं, उचलायचं काम बंद केलं. खिडकी मात्र टळली; चाल ओळखायला दुसरं होतं कोण?

बाईंनी दुसरी काठी आणली. तरी दर आठवड्याला त्या विचारत, माझी काठी कुठवर आली? तिच्यावरच रेलून मामा सांगत, सुताराकडे फार गर्दी आहे, बाई.

बाईंनी पुन्हा पेन उचललं आणि लिहिलं: आजही येताना पाहिलं. सुतार रिकामाच बसला होता.