देवी आलेली अक्षरं

माझे यजमान लाकडी अक्षरं कोरत. आमच्या गावी भवानी पेठेतल्या एका छापखान्यात नाटकांच्या आणि बायस्कोपच्या जाहिराती छापत, त्यांवरची वीतभर उंचीची जाड अक्षरं यांच्याच हातची. लग्नानंतरच्या वर्षी त्यांनी शिसवाचा अख्खा संच कोरला होता. तो इतका वापरला गेला, की कडा झिजल्या, लाकडात बारीक खड्डे पडले आणि छापलेल्या काळ्या अक्षरांत पांढरे ठिपके दिसू लागले.

संक्रांतीची गड्ड्याची जत्रा जवळ आली तेव्हा छापखान्याचे मालक घरी आले. "मास्तर, ह्या अक्षरांनी राजा शब्द छापला की राजाला देवी आल्यागत दिसतंय. नवी पायजेत."

यांना तेव्हा क्षयाने धरलं होतं. हत्याराला हात लावू नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. मी मालकांना नाही म्हणणार, तेवढ्यात हे म्हणाले, "थांब गं. हात अजून आहे की गेला, ते तरी कळू दे."

अंथरुणावर टेकून कोरणं सुरू झालं. अक्षर लाकडात उलटं कोरायचं, म्हणजे कागदावर सुलट उमटतं. मी लाकूड घट्ट धरायची, खोकल्याची उबळ आली की पटाशी काढून घ्यायची. निम्मा संच झाला आणि ताकद संपली. मालकांनी निम्मी नवी, निम्मी जुनी अक्षरं घालून जाहिरात छापली.

बाहेर जाऊन बघण्याइतकं त्राण यांना नव्हतं. मी छापखान्यातून एक कागद मागून आणला आणि समोरच्या भिंतीला लावला. हे बराच वेळ बघत राहिले.

"हात हललेला दिसतो का?"

"दिसतो," मी म्हटलं. नवी अक्षरं काळीभोर होती, पण एकाची शिरोरेषा वर, दुसऱ्याची खाली. जुनी ठिपक्याठिपक्यांची, तरी ओळीत उभी.

"मालक झकास म्हणाले असतील."

"म्हणाले."

"त्यांना धंदा करायचाय. जत्रा संपली की नवी परत घेऊन ये."

मी आणायला गेले तेव्हा मालक कुरकुरले, "वैनी, गिऱ्हाइकाला काय कळतंय?" घरी यांनी एकेक अक्षर हातात घेतलं, त्यावर बोट फिरवलं आणि सगळी बंबात घालायला सांगितली. मी घातली. त्याच पाण्याने त्यांचं अंग पुसलं. चैत्रात ते गेले.

पुढे मालकांनी पुण्याहून नवा संच आणला आणि जुनी अक्षरं टोपलीत घालून माझ्या दारात आले.

"मास्तरांची आठवण म्हणून ठेवा, वैनी."

"घरात ठेवून काय करू? त्यांना शाई लागायला हवी."

"लई झिजल्यात की."

"झिजू देत. फुटेपर्यंत छापा."

मालक टोपली उचलून गेले. अजून गड्ड्याच्या दिवसांत एखाद्या भिंतीवर तसला राजा दिसतो. दर वर्षी त्याचे वण वाढलेले असतात.